पटाबाहेरचा कर्णधार

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात पावसाळा ऐन भरात आला म्हणजे नद्यांना पूर येतात, रपट्यांवरून पाणी वाहू लागते आणि कित्येक गावांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध दोन दोन दिवस तुटतो. अशा दिवसांत शाळेच्या ओसरीवर मुलांचा एकच उद्योग चाललेला असतो, तो म्हणजे बुद्धिबळ. मैदानात चिखल झालेला, कबड्डी बंद. मग कोणीतरी खडूने फरशीवर चौसष्ट घरे आखतो. सोंगट्या जुन्या, त्यांतल्या काही हरवलेल्या. हत्तीच्या जागी चिंचोका असतो, तर उंटाच्या जागी बाटलीचे झाकण. खेळणारे दोघे आणि भोवती पाहणारे दहा. गंमत अशी, की पाहणाऱ्या दहांना जितक्या चाली सुचतात तितक्या खेळणाऱ्या दोघांना कधीच सुचत नाहीत! ‘अरे, घोडा मार ना!’, ‘वजीर सरकव बे!’ असा एकच गलका चालू असतो.

शाळेत असताना माझा यावर एक कडक नियम होता. पाहणाऱ्याने चाल सांगितली, की त्याने ओसरी सोडून वर्गात जाऊन बसावे. एकदा एका चुणचुणीत मुलीने मला विचारले, ‘गुरुजी, बाहेरून चाल सांगायचीच नाही, तर मग शिकवणाऱ्याने करायचे तरी काय?’ त्या वेळी मी तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वाटेला लावले, हे मला कबूल केले पाहिजे. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, अशा एका मराठी बुद्धिबळपटूची ओळख आज आपण करून घेणार आहोत. त्यांचे नाव अभिजित कुंटे. २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट येथे भारतीय महिलांच्या संघाने बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचे कर्णधार श्री. कुंटे होते. अकरा दिवस ते आपल्या खेळाडूंच्या आसपास उभे होते, आणि या अकरा दिवसांत त्यांनी एकही सोंगटी हलवली नाही, की एकही चाल सांगितली नाही.

परंतु बुडापेस्टला पोहोचण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

आपल्या भागातील म्हातारी माणसे पूर्वी जे बुद्धिबळ खेळत, ते देशी नियमांचे. त्यात प्यादे एका वेळी एकच घर पुढे जाई. राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येत असे. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे हवे ते मोहरे होत नसे. ज्याच्या घरात ते पोहोचले त्याचेच रूप त्याला मिळे. आंतरराष्ट्रीय नियम निराळे आहेत. त्यांत प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते, राजाला उडी नाही, पण हत्तीच्या आड जाऊन बसण्याची सोय आहे, त्याला किल्लेकोट म्हणतात. आजोबांकडे शिकलेला आमचा एक विद्यार्थी तालुक्याच्या स्पर्धेत गेला आणि पहिल्याच डावात त्याने राजाला घोड्यासारखे उडवले. पंचांनी ती चाल परत घ्यायला लावली. सारे हसले. पोर इतके गोंधळले, की पुढचा अर्धा डाव त्याला धड दिसलाच नाही. बुद्धीची उणीव त्याच्याजवळ नव्हती. त्याला वेळेवर सांगणारा कोणी भेटला नव्हता, एवढेच.

अशीच अडचण एका फार मोठ्या खेळाडूपुढेही होती. अखंड हिंदुस्थानातील पंजाबात जन्मलेले मीर सुलतान खान हे देशी बुद्धिबळावरच वाढले होते. आंतरराष्ट्रीय नियम त्यांना मोठेपणी शिकावे लागले. तरीही १९२९ साली विलायतेत जाऊन त्यांनी त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले, आणि पुढे १९३२ व १९३३ साली पुन्हा मिळविले. जगज्जेतेपद भूषविलेल्या कापाब्लांका यांनाही त्यांनी एका डावात हरविले. मग ते मायदेशी परतले आणि स्पर्धांच्या जगातून दिसेनासे झाले. त्यांची विद्या पुढच्या पिढीच्या हाती पडावी अशी काही व्यवस्था त्या काळी आपल्याकडे नव्हती. ‘ग्रँडमास्टर’ हा किताब त्यांना सन्मान म्हणून मिळाला तो २०२४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

सुलतान खान यांनी शेवटचे ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले त्याला सत्तर वर्षे झाली, तेव्हा, म्हणजे २००३ साली, स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी भरलेल्या त्याच स्पर्धेत अजिंक्य ठरले ते पुण्याचे अभिजित कुंटे.

श्री. कुंटे यांचा जन्म ३ मार्च १९७७ रोजी पुणे येथे झाला. त्यांची बहीण मृणालिनी याही नामवंत बुद्धिबळपटू. तेव्हा घरातच पट आणि घरातच प्रतिस्पर्धी अशी स्थिती होती. १९९७ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, अभिजित राष्ट्रीय विजेते झाले आणि २००० साली त्यांनी तो मान दुसऱ्यांदा मिळविला. त्याच वर्षी त्यांना ग्रँडमास्टर हा किताब प्राप्त झाला. हा किताब जागतिक बुद्धिबळ महासंघ देतो; तो महासंघ १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झाला. एखादी स्पर्धा जिंकली की किताब मिळाला, असे तेथे नसते. खेळाडूच्या जय-पराजयांवरून त्याचे गुणांकन ठरत असते, ते २५०० पर्यंत न्यावे लागते. शिवाय तोलामोलाच्या परदेशी खेळाडूंशी झुंजून ठराविक दर्जाची कामगिरी सामान्यतः तीन वेळा करून दाखवावी लागते. त्या प्रत्येक कामगिरीला ‘नॉर्म’ असे नाव आहे. एकदा मिळालेला किताब मात्र जन्मभर राहतो.

भारतात हा किताब प्रथम मिळविला विश्वनाथन आनंद यांनी, १९८८ साली. त्यानंतर १९९१ मध्ये दिब्येंदु बरुआ, १९९७ मध्ये महाराष्ट्राचे प्रवीण ठिपसे, आणि चौथे अभिजित कुंटे. पहिल्या चार किताबांना बारा वर्षे लागली, हे ध्यानात ठेवा. पुढच्या पंचवीस वर्षांत ही संख्या पंच्याऐंशीच्या वर गेली. ही वाढ काही आपोआप झाली नाही. पहिल्या फळीतील खेळाडूंपैकी काहींनी आपली विद्या स्वतःपाशी ठेवली नाही, हे तिचे एक मोठे कारण आहे, असे मला वाटते.

ब्रिटिश अजिंक्यपदाची हकीकत थोडी सांगण्याजोगी आहे. त्या काळी या स्पर्धेत राष्ट्रकुलातील देशांच्या खेळाडूंनाही भाग घेता येई. २००२ साली तेथे मद्रासकडचे आर. बी. रमेश जिंकले आणि दुसऱ्या वर्षी कुंटे. लागोपाठ दोन वर्षे करंडक भारतात आला. २००४ पासून नियम बदलले आणि भारतीय खेळाडूंना ते दार बंद झाले! योगायोग असा, की हे दोघेही विजेते पुढे प्रशिक्षक म्हणून नावारूपाला आले. रमेश यांच्या हाताखाली प्रज्ञानंद आणि त्याची बहीण वैशाली ही भावंडे तयार झाली. ही वैशाली आपल्या गोष्टीत पुन्हा भेटणार आहे.

आता खेळाच्या पद्धतीविषयी. गवयांची जशी घराणी असतात, तशा बुद्धिबळपटूंच्याही तऱ्हा असतात. कोणी आक्रमक असतो. तो घोडा, उंट, प्रसंगी हत्तीसुद्धा बळी देतो आणि प्रतिपक्षाच्या राजाभोवती आग लावून देतो. असा डाव पाहायला फार मौज वाटते. दुसरा खेळाडू घाई करीत नाही. तो एखादे घर बळकट करतो, एखादे प्यादे दुबळे कसे होईल ते पाहतो, आपल्या उंटाला मोकळी वाट करून देतो. तीस चाली झाल्या तरी काही घडलेसे वाटत नाही. आणि मग समोरच्याच्या ध्यानात येते, की आपल्याला हलायला जागाच उरलेली नाही. थोर खेळाडूला दोन्ही तऱ्हा याव्या लागतात, तरी ज्याचा त्याचा कल असतोच.

कुंटे यांच्या कारकिर्दीकडे पाहताना एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. त्यांचे मोठे विजय हे एका दिवसाच्या चमकेचे नाहीत, तर लांब पल्ल्याच्या स्पर्धांतले आहेत. ब्रिटिश स्पर्धा त्या वेळी अकरा फेऱ्यांची. राष्ट्रीय स्पर्धाही कित्येक दिवस चालणारी. एक डाव चार-पाच तास चालतो. आज जिंकले तर उद्या पुन्हा शून्यापासून आरंभ. आज हरले तर तो पराभव उशाशी घेऊन झोपायचे आणि सकाळी नव्या प्रतिस्पर्ध्याच्या तयारीला लागायचे. येथे झळाळीपेक्षा टिकाव महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे मोहफुलांच्या दिवसांत पहाटे रानात जाणाऱ्या आयाबाया कशा चालतात, ते तुम्ही पाहिले आहे. टोपली भरण्याची निकड प्रत्येकीला असते. तरी झाडाखाली वाकण्यापूर्वी त्या चहूकडच्या झुडपांवरून नजर फिरवून घेतात, कारण झुडपामागे वाघ असू शकतो हे त्यांना ठाऊक असते. लांब पल्ल्याचा खेळाडू प्रत्येक चालीपूर्वी हेच करीत असतो.

अशा संथ खेळातही केवढी धार असते, हे पाहायचे असेल तर एक छोटी मांडणी करून पाहा. पटाच्या मध्यातली एक उभी ओळ घ्या. पांढऱ्याच्या बाजूने मोजून चौथ्या घरात पांढरे प्यादे ठेवा आणि पाचव्या घरात, म्हणजे त्या प्याद्याच्या अगदी पुढे, पांढरा राजा ठेवा. सहावे घर रिकामे सोडा. सातव्या घरात काळा राजा ठेवा. पटावर दुसरे काहीही नाही. आता सांगा, डाव कोण जिंकेल?

याचे उत्तर पटावर दिसत नाही. ते ‘चाल कोणाची?’ या प्रश्नात दडलेले आहे. चाल काळ्याची असेल, तर त्याच्या राजाला समोरची जागा सोडून बाजूला सरकावे लागते. पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो, प्याद्याला वाट करून देतो आणि ते शेवटच्या घरात पोहोचून वजीर होते. परंतु चाल पांढऱ्याची असेल, तर वाट सोडण्याची पाळी त्याच्यावर येते. तो ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला जाऊन काळा राजा पुन्हा त्याच्यासमोर उभा राहतो, आणि काळ्याने नीट खेळ केला तर डाव बरोबरीत सुटतो. मोहरी तीच, घरे तीच. आणि जो चाल करील त्याचेच नुकसान! आपल्या जिवलग मित्राबरोबर दोन्ही बाजूंनी खेळून पाहा. दहा-बारा वेळा खेळल्यावर तुमच्या ध्यानात येईल, की बुद्धिबळात गप्प राहता येणे ही केवढी मोठी शक्ती आहे. आणि ती नसल्यामुळे, प्रत्येकाला आपल्या पाळीला चाल करावीच लागत असल्यामुळे, किती डाव हातचे जातात.

गप्प राहण्याची ही विद्या पटाबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाला आणखीच कठोरपणे शिकावी लागते.

उत्तम खेळाडू हा उत्तम शिक्षक होतोच, असे नाही. उलट, रघुनंदन गोखले यांच्यासारखे प्रशिक्षक ग्रँडमास्टर नव्हते, तरी प्रशिक्षकांसाठी असलेला द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना १९८६ सालीच मिळाला. त्या वेळी भारतात एकही ग्रँडमास्टर नव्हता! खेळाडूला स्वतःचे मन ओळखले म्हणजे पुरते. शिक्षकाला दुसऱ्याचे मन ओळखावे लागते. जो स्वतः संथपणे खेळतो, त्याच्या हाती एखादी अशी मुलगी येते, की जिला हल्ला चढविल्याशिवाय चैन पडत नाही. तिला आपल्यासारखे करण्याचा मोह होतो. तो मोह ज्याला आवरत नाही त्याने शिकवू नये. तिचा हल्ला अधिक अचूक कसा होईल, तो फसला तर माघार कोठून घ्यावी, एवढेच तिला दाखवायचे असते. मी भाषा शिकविली, बुद्धिबळ नव्हे. परंतु निबंध तपासताना मुलाचे वाक्य खोडून त्या जागी आपले वाक्य लिहिण्याची खोड मला बरीच वर्षे होती, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

आता ऑलिंपियाड म्हणजे काय ते पाहू. ही देशादेशांच्या संघांची स्पर्धा असून ती सामान्यतः दोन वर्षांनी भरते. प्रत्येक संघात पाच खेळाडू असतात, पण एका फेरीत चौघेच खेळतात. पाचही जणांचा क्रम स्पर्धेपूर्वी लिहून द्यावा लागतो आणि तो शेवटपर्यंत बदलता येत नाही. फेरीपूर्वी ठरलेल्या वेळेच्या आत ‘आज विश्रांती कोणाला?’ याची चिठ्ठी कर्णधाराने द्यायची असते. सामना जिंकल्यास संघाला दोन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास काही नाही. अशा अकरा फेऱ्या होतात.

खेळ सुरू झाला, की कर्णधाराची जीभ जवळजवळ बांधलेली असते. पटावरच्या स्थितीविषयी त्याने एक अक्षर बोलायचे नाही. भुवई उंचावणेही बरे नव्हे. एक सवलत मात्र आहे, की समोरच्याने बरोबरीचा प्रस्ताव मांडला असता ती घ्यावी किंवा कसे, हे खेळाडू कर्णधाराला विचारू शकतो. मग तो इतर तीन पटांवरची अवस्था पाहतो आणि सामन्याचा हिशोब करून थोडक्यात उत्तर देतो, ‘घे’ किंवा ‘खेळत राहा’. कारण सांगायचे नाही. समजा, तीन डाव संपून आपण एका गुणाने पुढे आहोत. चौथ्या पटावर आपल्या मुलीचा डाव थोडा सरस आहे, पण तिच्या घड्याळात वेळ थोडा उरला आहे. ती मान वर करून पाहते. बरोबरी घेतली तर सामना हाती येतो. खेळत राहिली तर कदाचित तिचा स्वतःचा विजय होईल, कदाचित संघाचा हाती आलेला विजय निसटेल. त्या एका शब्दाचे ओझे काय असेल, याची कल्पना करा.

म्हणून कर्णधाराचे खरे काम खेळ सुरू होण्यापूर्वी संपलेले असते. एक फेरी संपली, की पुढचा प्रतिस्पर्धी कोण ते कळते. मग त्या संघातील प्रत्येक खेळाडूचे जुने डाव काढायचे, ती कोणत्या प्रारंभात चांगली खेळते, कोठे अडखळते ते शोधायचे, आणि त्यातले जेवढे आपल्या मुलीला पचेल तेवढेच तिला द्यायचे. सारे सांगितले तर डोके जड होते. थोडे सांगितले तर हत्यार अपुरे पडते. जिचा आज पराभव झाला आहे तिला तो डाव आज रात्री दाखवायचा, की स्पर्धा संपल्यावर, हेही ठरवावे लागते.

श्री. कुंटे हे काम करीत होते, तेव्हा, २०२२ साली, ऑलिंपियाड आपल्याच देशात, चेन्नईजवळच्या मामल्लपुरम येथे भरले. भारतीय महिलांच्या पहिल्या संघाचे ते कर्णधार होते. संघात कोनेरू हंपी, द्रोणवल्ली हरिका, वैशाली, तानिया सचदेव आणि गोव्याची भक्ती कुलकर्णी अशा पाच जणी होत्या. हंपी या २००२ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेल्या. हरिका तर त्या वेळी गरोदर होत्या आणि दिवस अगदी भरत आले होते. तरीही त्या खेळल्या. अखेरच्या फेरीला भारतीय संघ सर्वांच्या पुढे होता. एक सामना जिंकला, की सुवर्णपदक! समोर अमेरिकेचा संघ होता. तो सामना भारताने एक विरुद्ध तीन असा गमावला, आणि सुवर्ण हातचे जाऊन कांस्यपदक पदरी पडले.

भारतीय महिला संघाला ऑलिंपियाडमध्ये मिळालेले ते पहिले पदक होते, ही गोष्ट खरी. ज्याने ते मिळविले त्यांना मात्र त्या संध्याकाळी ते पदक फार जड वाटले असेल. श्री. कुंटे यांना त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ साली, ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार मिळाला होता. आता विसावावे, असे कोणी म्हटले असते तर ते वावगे ठरले नसते.

दोन वर्षांनी बुडापेस्ट. या वेळी हंपी संघात नव्हत्या. पहिल्या पटावर हरिका, दुसऱ्यावर वैशाली, तिसऱ्यावर नागपूरची दिव्या देशमुख, चौथ्यावर वंतिका अग्रवाल आणि पाचव्या तानिया सचदेव. दिव्या तेव्हा अठरा वर्षांची होती. चंद्रपूरहून नागपूर काही फार लांब नाही, आगगाडीने तीन-चार तासांची वाट. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना ती जणू शेजारच्या गल्लीतली ताईच वाटते.

पहिल्या सातही फेऱ्या भारताने जिंकल्या. आठव्या फेरीत पोलंडची गाठ पडली आणि दीड विरुद्ध अडीच असा पराभव झाला. हरिका हरल्या, वैशाली हरली. जिंकली ती एकटी दिव्या. नवव्या फेरीत पुन्हा तोच अमेरिकेचा संघ समोर! तो सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. सात विजयांनी बांधलेला वाडा दोन दिवसांत डळमळू लागला. मामल्लपुरमची आठवण कोणालाही झाली असती. दहाव्या फेरीत बलाढ्य चीन. तीन डाव बरोबरीत सुटले आणि दिव्याने नी शीचुन हिला हरवून अडीच विरुद्ध दीड असा सामना आणला. एक फेरी उरली. भारत आणि कझाकस्तान यांचे गुण सारखे होते, सतरा-सतरा.

येथे चिठ्ठीची गोष्ट पुन्हा आठवा. शेवटच्या फेरीला पहिल्या पटावर कोणाला बसवावे? हरिका या अनुभवी खऱ्या, पण या स्पर्धेत त्यांचा खेळ मनासारखा होत नव्हता. पहिल्या पटावर प्रत्येक देश आपला सर्वांत बलवान खेळाडू बसवितो, त्यामुळे तेथे गुण मिळविणे नेहमीच अवघड. त्यांना विश्रांती देण्याचा मार्ग मोकळा होता. तानिया बाहेर बसलेल्याच होत्या. चिठ्ठीवर हरिकांचे नाव लिहिले गेले. २२ सप्टेंबर २०२४ रोजी अझरबैजानविरुद्धच्या त्या सामन्यात हरिका जिंकल्या, दिव्या जिंकली, वंतिका जिंकली आणि वैशालीचा डाव बरोबरीत सुटला. साडेतीन विरुद्ध अर्धा! तिकडे कझाकस्तानला अमेरिकेने बरोबरीत रोखले. भारताचे एकोणीस गुण, कझाकस्तानचे अठरा. भारतीय महिलांचे हे पहिले सुवर्णपदक. त्याच दिवशी पुरुषांच्या संघानेही सुवर्ण मिळविले. त्यात आपल्या नाशिकचा विदित गुजराथी होता.

आकडे पाहिले म्हणजे चिठ्ठ्यांमागचा विचार काहीसा उलगडतो. दिव्या अकराही डाव खेळली. तिला एकदाही विश्रांती दिली गेली नाही; ती एकही डाव हरली नाही आणि साडेनऊ गुण मिळवून तिसऱ्या पटाचे वैयक्तिक सुवर्णपदकही तिने पटकावले. वैशाली दहा डाव खेळली. हरिका आणि वंतिका प्रत्येकी नऊ डाव खेळल्या. वंतिकेला चौथ्या पटाचे सुवर्ण मिळाले. तानिया पाचच डाव खेळल्या. ज्या खेळाडूची तंद्री लागली आहे तिला उठवू नये, आणि जिचा पाय अडखळतो आहे तिच्यावरचा विश्वास काढून घेऊ नये, या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या होत्या. तानिया यांच्याविषयी मला नेहमी विशेष आदर वाटतो. संघ जिंकत असताना बाहेर बसणे हे हरण्याहून सोपे नसते, आणि बाहेर बसलेलीचे मन राखणे हेही कर्णधाराकडेच असते.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, जॉर्जिया देशातील बातुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम फेरीत दोन्ही भारतीय होत्या, कोनेरू हंपी आणि दिव्या देशमुख. दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै रोजी जलद डावांत दिव्या जिंकली, आणि त्या विजयाबरोबर तिला एकदम ग्रँडमास्टर हा किताब मिळाला; भारतातील अठ्ठ्याऐंशीवा. तिच्यापूर्वी नागपूरचेच रौनक साधवानी २०१९ साली, तर संकल्प गुप्ता २०२१ साली ग्रँडमास्टर झाले होते. नागपूरचे हे तिघे. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीत, हा किताब अजून यायचा आहे.

त्या चुणचुणीत मुलीच्या प्रश्नाकडे वळून एवढेच सांगावयाचे राहिले. ऑलिंपियाडमध्ये प्रत्येक डावाच्या चाली खेळाडू स्वतःच्या हाताने कागदावर उतरवीत असतो. त्या कागदांवर कर्णधाराचे अक्षर कोठेही नसते. सामना संपल्यावर मात्र चारही पटांचे निकाल एका तक्त्यावर मांडतात आणि तो तक्ता दोन्ही कर्णधारांपुढे ठेवतात. श्री. कुंटे यांनी त्या दिवशी त्यावर निकाल तपासून पाहिले, आणि खाली सही केली.